चौदा मिनिटं कोणाच्या नावावर

गार्डसाहेबांनी मला वकील केलं. विद्यापीठाला दोन प्रयत्नांत जे जमलं नाही ते त्यांनी जुईनगरच्या आपल्या ओट्यावर बसून, हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत उरकून टाकलं.

झालं असं, की लग्न नवं होतं, नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात आणि डोक्यावर छप्पर चुलतभावाचं. कोणीतरी सांगितलं, जुईनगरला गावठाणात रेल्वेचे एक रिटायर गार्ड आहेत, त्यांची तळमजल्यावरची खोली रिकामी आहे. आम्ही दोघं गेलो. माणूस उंच, काटकुळा, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"बी.कॉम."

"पुढे?"

"पुढे एक वर्ष लॉ."

इथे मी थांबायला हवं होतं, किंवा मग पूर्ण खरं सांगायला हवं होतं, की ते एक वर्ष मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा जिथे होतो तिथेच राहिलो. पण बायको शेजारी होती. लग्न नवं होतं हे मी सांगितलंच आहे.

"म्हणजे वकील," गार्डसाहेब म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अगं, खोली वकिलांना दिली!"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "तुमी कोन देनारे? घर माज्या नावावर हाय."

गार्डसाहेब जराही वरमले नाहीत. उलट मला समजावून सांगितलं, "बरोबर आहे तिचं. हे तिच्या वडिलांचं घर. इथे मूळ अधिकार तिचा. मी फक्त शिफारस करू शकतो."

काकींनी, म्हणजे आम्ही त्यांना काकी म्हणायला लागलो, आमच्याकडे एकदा पाहिलं, माझ्या बायकोला विचारलं, "सुकट खाता?" ती हो म्हणाली. खोली मिळाली.

गार्डसाहेबांचं एक वाक्य होतं. दिवसातून चारदा तरी ते म्हणत, "तक्रार नंतर सांगा. आधी सांगा, ऐकायचा अधिकार कोणाला?"

आमच्या न्हाणीघराचं दार लागत नव्हतं. मी गेलो सांगायला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वकील, हा विषय गवंड्याचा की सुताराचा? चौकट हलली असेल तर गवंडी. फळी फुगली असेल तर सुतार. चुकीच्या माणसाकडे गेलात तर तो काम बिघडवणार आणि वर म्हणणार, माझं हे कामच नव्हतं." गवंडी आला, म्हणाला फळी फुगलीय. सुतार आला, म्हणाला चौकट हललीय. गार्डसाहेबांना मनापासून आनंद झाला. त्या दाराचा निकाल लागेपर्यंत आठ महिने मी आंघोळ करताना मोठ्याने गात असे, म्हणजे आत माणूस आहे हे कळावं. शेवटी काकींनीच सुताराला दटावून दार बसवून घेतलं. गाण्यामुळे शेजारच्या घरातलं बाळ झोपत नव्हतं असं कळलं.

रेल्वे त्यांच्या अंगातून गेली नव्हती. गार्डला ड्यूटीवर एक लोखंडी पेटी मिळते. बावटे, दिवा, पुस्तकं सगळं त्यात. निवृत्त होताना ती परत करावी लागली, तर यांनी तशीच दुसरी बनवून घेतली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने स्वतःची अक्षरं काढली. घरातून कोणीही बाहेर निघालं की हे वरच्या गॅलरीत हिरवा बावटा घेऊन उभे. आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन मागे वळायचं आणि हात वर करायचा. सगळं ठीक. न केलं तर संध्याकाळी विचारणा होई. माझा मेव्हणा पहिल्यांदा स्कूटरवरून आला आणि निघाला, त्याला हे ठाऊक नव्हतं. मागून शिट्टी वाजल्यावर पोलीस समजून तो बिचारा गटाराच्या कडेला स्कूटर लावून लायसन शोधत बसला.

आणि वही. रेल्वेत एखादी गाडी उशिरा आली तर नुसतं "उशीर झाला" म्हणून भागत नाही. किती मिनिटं कोणामुळे, हे ठरवावं लागतं. इतकी इंजिनवाल्यांची, इतकी सिग्नलवाल्यांची, इतकी स्टेशनमास्तरची. प्रत्येक मिनिटाला बाप लागतो. गार्डसाहेब हे गॅलरीत बसून माझ्या बाबतीत करत. मी ऑफिसला धावत निघालो की वरून आवाज येई:

"वकील, आज नऊ मिनिटं लेट! चार मिनिटं डब्याची, दोन चपलेची!"

"आणि उरलेली तीन?"

"ती तुमची स्वतःची. आरशासमोर."

माझी बायको याच्यावर इतकी खूश होती की दुसऱ्या दिवसापासून डबा वेळेवर मिळायला लागला, म्हणजे सगळीच मिनिटं माझ्या नावावर पडावीत.

असा हा माणूस, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मिनिटं वाटून दिली, त्याच्या स्वतःच्या नावावर चौदा मिनिटं होती. आणि ती त्याला सहन होत नव्हती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. घाटाखालच्या एका छोट्या स्टेशनाबाहेर यांची मालगाडी उभी होती. सिग्नल मिळाला, ड्रायव्हरने शिट्टी दिली. चाळीस डबे मागे गार्डचा डबा. तिथून हिरवा बावटा दिसेना. ड्रायव्हर शिट्ट्या मारून दमला. चौदा मिनिटांनी बावटा दिसला आणि गाडी हलली. मागे एक पॅसेंजर खोळंबली होती. चौकशी झाली. साहेबाने विचारलं, कुठे होतात? गार्डसाहेब म्हणाले, "कारण होतं." काय कारण? "वैयक्तिक." यापुढे एक अक्षर नाही. मग त्यांच्या सेवापुस्तकात एक ओळ आली, की "कारण नसताना" गाडी चौदा मिनिटं थांबवली, सबब ताकीद.

पगार कापला नाही, बढती अडली नाही, पेन्शनला धक्का नाही. फक्त ती ओळ. त्यातही त्यांचं भांडण ताकिदीशी नव्हतंच. त्यांना फक्त "कारण नसताना" एवढे दोन शब्द खोडून हवे होते.

"मी विनाकारण एक मिनिट गाडी थांबवलेली नाही, वकील. तीस वर्षांत."

ते कोर्टात गेले. तिथे नंबर लागायच्या आत सरकारने नवा कायदा केला आणि रेल्वेच्या नोकरांचे खटले उचलून नव्या न्यायाधिकरणाकडे पाठवले. गार्डसाहेब भडकले. "माझी गाडी एका लाइनवरून निघाली, मधेच रूळ बदलून दुसरीकडे कशी वळवली?" ते या विषयावर कितीतरी वर्षं भांडले. न्यायाधिकरणाने शेवटी सांगितलं, आम्हाला अधिकार आहे, आणि एवढ्याशा ताकिदीत आम्ही हात घालत नाही. आता अपील? ते थेट दिल्लीला, सुप्रीम कोर्टात. मधे हायकोर्ट नाही. हे तरीही हायकोर्टात गेले. तिथल्या बाबूने कागद परत केले. "ह्याचा अधिकार आम्हाला नाही."

"दिल्ली माझ्या सेक्शनच्या बाहेर आहे," गार्डसाहेब म्हणाले आणि कागद पेटीत ठेवले. मी राहायला गेलो तेव्हा ते कागद तसेच पेटीत होते आणि रोज सकाळी पेटी उघडून त्यांना हवा दिली जात होती.

आणि मग सत्त्याण्णव साली सुप्रीम कोर्टानेच निकाल दिला. न्यायाधिकरणाच्या निर्णयांवर आता हायकोर्टाला पाहता येईल, दोन न्यायमूर्तींसमोर. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. गार्डसाहेब सकाळी सातला आमच्या दारात, हातात पेपर, चष्मा कपाळावर. "वकील, उठा! अधिकार मिळाला!"

त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान होतं, मालक मूळचे उरणकडचे, मोरा बंदराजवळचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "काय गार्डसाहेब, केस जिंकलात वाटतं?"

"केस कुठली? केस लढायची जागा जिंकलो!"

चाचांनी पेढा जरा वेळ तोंडातच ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाब, तब्येत बरी आहे ना त्यांची? काय टेन्शन?"

अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. वकील ना मी. रबाळ्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो टाइप करायचो, आणि आमच्या मॅनेजरला वाटायचं हा किती मन लावून कोटेशनं बनवतो. चाळीस पानी अर्ज. अडतीस पानं फक्त एवढ्यावर, की हायकोर्टाला हे प्रकरण ऐकायचा अधिकार का आहे. उरलेल्या दोन पानांत गाडी, स्टेशन, डबे, हवामान, सिग्नलची उंची. शेवटचं पान मशीनमधून काढलं तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की ती चौदा मिनिटं गार्डसाहेब होते कुठे, हे चाळीस पानांत कुठेच नाही. दोनदा पहिल्या वर्षाला बसलेल्या माणसाला एवढं कळायला चाळीस पानं लागतात.

संध्याकाळी मी विचारलं, "गार्डसाहेब, पण कारण काय होतं?"

"तो मुद्दा अजून उपस्थित झालेला नाही."

"पण आता हायकोर्ट ऐकणार. ते विचारतील."

 त्यांनी पेटी उघडली, बंद केली. सोळा वर्षं या माणसाने ऐकायला कोणीतरी मिळावं म्हणून आकांत केला होता आणि आता ऐकणारं मिळालं तर त्याच्या कपाळावर घाम आला. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकींनी सकाळी सांगितलं.

काकी आमच्या दारात बसून बोंबील साफ करत होत्या. माझ्या बायकोने, जी माझ्यापेक्षा फार चांगली वकील झाली असती, सरळ विचारलं, "काकी, ती चौदा मिनिटं ते कुठे होते?"

काकींनी हातातला बोंबील खाली ठेवला. "कुटं असनार? करवंदं तोडीत होते."

मी म्हटलं, "काय?"

"करवंदं. कच्ची. रुलाच्या बाजूला काटेरी जाली होती." मग त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. "माज्या भावाची हलद होती. आमच्यात हलदीला जावई नाय म्हंजे काय, ठाऊक हाय ना? सगली पंगत मला इचारी, जावई कुटं, जावई कुटं. आनि हे ड्यूटीवर. मी तीन दिस बोलले नाय त्यांच्याशी. चवथ्या दिशी आले ते रुमालात करवंदं बांदून. काय बोलले नाय, वट्यावर ठेवली नि उभे."

"मग तुम्ही काय बोललात?"

"मीठ आना बोलले. लोनचं घातलं."

आम्ही तिघं इतके हसलो की चाचा दुकानातून डोकावले. मग काकी एकाएकी गंभीर झाल्या. "पन कोर्टात माजं नाव निगालं, तर बग हां बाला. सांगून ठेव त्यांना. सगल्या दुनियेला काय सांगायचं, बायको बोलत नव्हती म्हनून? मी नाय बोलनार मंग."

मी निरोप दिला. गार्डसाहेब म्हणाले, "खोटं मी लिहिलं नाही, वकील. चाळीस पानांत एक शब्द खोटा नाही."

खरंच नव्हता. म्हणून तर ती चाळीस पानं झाली होती.

ऑगस्टमध्ये तारीख लागली. गार्डसाहेब स्वतःच उभे राहणार होते आणि मी त्यांची पेटी घेऊन मागे. ती पेटी हायकोर्टाच्या दारात शिपायाने उघडायला लावली. आत कागद, आणि कागदांवर घडी घालून हिरवा बावटा. शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रेल्वे." त्याने मान हलवली, जणू काही रोज पाहतो.

आमचा नंबर दुपारी आला. दोन न्यायमूर्ती. गार्डसाहेबांनी घसा खाकरला आणि अर्जाचं पहिलं पान सुरू केलं, की सन्माननीय न्यायालयाला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार कसा पोचतो. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी आपल्या भाषेत सांगतो, कारण त्या दिवशी मला किती समजलं हा वेगळा मुद्दा आहे.

दोन ओळी झाल्या आणि थोरले न्यायमूर्ती म्हणाले, "आहे. अधिकार आहे आम्हाला. मान्य. पुढे बोला."

गार्डसाहेबांनी पान उलटलं. तिथेही अधिकारच होता. पुढचं उलटलं. अडतीस पानं एका शब्दात संपली होती. मी मागे बसून पाहत होतो.

"तुम्ही रिटायर झालात," न्यायमूर्ती म्हणाले. "पेन्शन व्यवस्थित आहे. तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"ताकीद राहू द्या, माय लॉर्ड. फक्त 'कारण नसताना' हे शब्द काढा. कारण होतं."

"काय कारण होतं?"

खोलीत पंखा फिरत होता. सरकारी वकील घड्याळ पाहत होता. गार्डसाहेबांनी बटणं चाचपली, मान ताठ केली.

"करवंदं, माय लॉर्ड."

धाकट्या न्यायमूर्तींनी मान वर केली. सरकारी वकिलाने घड्याळ सोडलं. थोरले न्यायमूर्ती इंग्रजी सोडून मराठीत आले. "करवंदं? पिकलेली की कच्ची?"

"कच्ची. लोणच्याची."

"चौदा मिनिटं?"

"काटे फार होते."

आता सगळेच हसू दाबत होते. न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. "आणि एवढी घाई कोणासाठी होती?"

मी डोळे मिटून घेतले. गार्डसाहेबांचा आवाज एकदम खणखणीत झाला.

"माय लॉर्ड, अत्यंत आदराने सांगतो, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही."

मला वाटलं, आता आत टाकतात. मला पण, पेटीसकट. पण थोरले न्यायमूर्ती शेजाऱ्यांशी दोन शब्द कुजबुजले आणि म्हणाले, "अधिकाराबद्दल तुम्ही अडतीस पानं लिहिलीत. पण एकच मुद्दा आम्हाला खऱ्या अर्थाने पटला, आणि तो तुम्ही लिहिलेलाच नव्हता." मग त्यांनी अर्ज फेटाळला. करवंदं तोडणं हे गाडी थांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. ताकीद जशीच्या तशी कायम, शब्दांसकट.

परतीच्या वाटेवर गार्डसाहेब एकच वाक्य बोलले. "चौदा मिनिटं माझी, वकील. ठरलं." सोळा वर्षांनी त्या मिनिटांना बाप सापडला होता आणि तो खुद्द गार्डसाहेबच निघाले. पेटी जड होती, मी ती या हातातून त्या हातात घेतली.

काकी ओट्यावर वाट पाहत होत्या. "काय झालं?"

"हरलो."

"माजं नाव घेतलं?"

"नाही घेतलं," गार्डसाहेब जरा अभिमानानेच म्हणाले. "जज्जसाहेबांनी विचारलं, कोणासाठी. मी सांगितलं नाही."

काकींचा चेहरा मी पाहत होतो. आता त्या खूश होतील असं मला वाटलं. लग्नाला तीन वर्षं होऊनही मला काही कळत नव्हतं याचा याहून मोठा पुरावा नाही.

"सांगितलं नाय?" काकी म्हणाल्या. "जज्ज इचारतो, कोनासाठी, आनि तुमी गप? म्हंजे ते समदे काय समजले? म्हातारा गाडी थांबवून सोताच करवंदं खात बसलेला?"

"तूच म्हणालीस नाव नको."

"नाव नको बोलले! बायको बोलायला काय झालं? सोला वरसं कोर्टात भांडला, नि बायकोसाठी तोडली एवडं सांगायला लाज वाटली?"

त्या उठल्या, वर गेल्या आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दिवेलागणीपर्यंत कडी निघाली नाही. साडेसातला गार्डसाहेब आमच्या दारात येऊन बसले. शर्टाचं वरचं बटण उघडं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"वकील, तिने बोलणं बंद केलंय. यावर अपील कुठे?"

मी माझ्या दोन वर्षांत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. एक गोष्ट सापडली.

"अपील नाही, गार्डसाहेब. जिने निकाल दिला तिच्याचकडे पुनर्विचाराचा अर्ज करायचा."

ते विचारात पडले. "हे बरोबर वाटतं. लेखी की तोंडी?"

"तोंडी," आतून माझी बायको म्हणाली. "आणि चाळीस पानं नकोत. कोणासाठी, ते पहिल्याच वाक्यात."

गार्डसाहेब उठले. बटण लावलं. जिना चढून गेले. आम्ही दोघं निर्लज्जपणे जिन्याच्या खाली जाऊन उभे राहिलो. चाचाही दुकान टाकून आले.

वर कडी वाजली. काही नाही. पुन्हा वाजली. काही नाही. मग गार्डसाहेबांचा आवाज आला, चाळीस डब्यांच्या टोकापासून इंजिनापर्यंत पोचेल असा:

"तुझ्यासाठी तोडली होती!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मग आतून काकी म्हणाल्या, "वरडू नका. सगल्या गावाला कललं," आणि कडी निघाली.